जखमेवरचा फेस आणि टॉवेलाचा रंग: हायड्रोजन पेरॉक्साइड फुटतं कशामुळे?

गुडघा खरचटला की घरातलं कोणीतरी कपाटातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढतं. कापसाचा बोळा जखमेला टेकला की पांढरा फेस उसळतो, पोर कळवळतं आणि आजी समजूत घालते, "जंतू मरतायत रे, जरा कळ काढ." त्याच बाटलीतले चार थेंब धडधाकट तळहातावर टाकले तर फेस येत नाही. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाकले तर भरभरून येतो आणि त्याच बटाट्याच्या उकडलेल्या फोडीवर येत नाही. बाटली मात्र कपाटात कित्येक महिने गपगार उभी असते.

सोलापुरात हे रसायन बाटलीपेक्षा कॅनने आणि ड्रमने जास्त येतं. टॉवेलाचं सूत पांढरं करायला डाय हाउसमध्ये, म्हणजे सूत रंगवणाऱ्या कारखान्यात, ते लागतंच. तिथे हे कोडं आणखी वाढतं. सूत पांढरं होईपर्यंत पेरॉक्साइड भराभर फुटून जाऊ नये म्हणून बाथमध्ये, म्हणजे सूत बुडवलेल्या द्रावणात, एक रसायन घालतात, आणि सूत पांढरं झालं की उरलेलं पेरॉक्साइड ताबडतोब फुटावं म्हणून दुसरं घालतात. या दुसऱ्याचं 'पेरॉक्साइड किलर' हे नाव तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. तो किलर नेमकं करतो काय, असं विचारलं तर "पेरॉक्साइड मारतो" एवढंच उत्तर मिळतं.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात बरणीतून फेसाचा खांब उसळवणारा प्रयोग हमखास असतो. तोही याच घराण्यातला. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये या फेसाची नाना स्पष्टीकरणं ऐकायला मिळतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात. म्हणून मुळापासून बघू.

## पाणी, आणि वर एक ऑक्सिजन

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. हे दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात, पण ती पकड कच्ची असते. त्यामुळे पेरॉक्साइडचा ओढा कायम एकाच दिशेला असतो: दोन रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजन वायूचा एक रेणू. जखमेवर दिसतात ते याच ऑक्सिजनचे बुडबुडे.

हे रसायन पहिल्यांदा तयार केलं लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८१८ मध्ये. चांदी, प्लॅटिनम अशा धातूंची पूड त्यात टाकली की ते उसळून फुटतं आणि धातू मात्र जशाच्या तशा उरतात, हेही त्याच्याच लक्षात आलं. पुढे १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने अशा साऱ्या प्रकारांना एकत्र करून एक नाव दिलं. आपण मराठीत त्या पदार्थांना उत्प्रेरक म्हणतो: जो रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो, पण क्रियेच्या शेवटी स्वतः खर्ची पडलेला नसतो, असा पदार्थ.

औषधाच्या दुकानात मिळणारं द्रावण बहुधा ३ किंवा ६ टक्क्यांचं असतं. ६ टक्क्यांच्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असंही छापलेलं दिसतं. त्याचा अर्थ सरळ आहे: एक मिलिलीटर द्रावण पूर्ण फुटलं तर त्यातून सुमारे २० मिलिलीटर ऑक्सिजन निघेल. ३ टक्क्यांचं द्रावण १० व्हॉल्यूमचं. डाय हाउसला येतो तो माल मात्र ३५ किंवा ५० टक्क्यांचा असतो, आणि त्याला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

फुटताना उष्णताही निघते, आणि थोडीथोडकी नाही. ३४ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड फुटलं की सुमारे ९८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्यात पाव किलोहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येतं. हा आकडा लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

## एवढा ओढा आहे, तर बाटलीतच का फुटत नाही?

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाणी भरून ठेवलेलं पिंप घरोघरी असतं. ते डोळ्यांसमोर आणा. पिंपातलं पाणी जमिनीपेक्षा उंचावर आहे. वाट मिळाली तर ते खाली वाहून जाणार, यात शंका नाही. पण आधी त्याला पिंपाचा काठ ओलांडायला हवा. काठ उंच आहे म्हणून ते आत उभं आहे.

पेरॉक्साइडचं तसंच आहे. फुटून पाणी आणि ऑक्सिजन झालं तर ते खालच्या, निवांत पातळीला जाईल. पण त्याआधी त्या दोन ऑक्सिजनमधली पकड ताणावी लागते आणि त्यासाठी सुरुवातीला थोडी ऊर्जा घालावी लागते. या काठाला रसायनशास्त्रात सक्रियण ऊर्जा म्हणतात. पेरॉक्साइड आपलं आपण फुटायचं तर हा काठ, त्याच ३४ ग्रॅममागे, सुमारे ७५ किलोज्यूल उंचीचा आहे. खोलीच्या तापमानाला फार थोडे रेणू तेवढी उडी मारू शकतात, म्हणून बाटली महिनोन्महिने टिकते. टिकते, पण कायमची नाही. थोडं थोडं पाणी काठावरून हिंदकळत असतंच. तापवलं की जास्त हिंदकळतं, उजेड पडला तरी काही रेणू फुटतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीशी ठेवलेली बाटली लवकर मुळमुळीत होते ती यामुळे. रंगीत किंवा अपारदर्शक बाटली आणि 'थंड जागी ठेवा' ही सूचना याचसाठी असते.

आता त्या पिंपाला खाली एक तोटी बसवली तर? पाणी काठावर न चढता सरळ वाहून जाईल. उत्प्रेरक म्हणजे ही तोटी.

या एका चित्रातून बरीच उत्तरं मिळतात. तोटी बसवल्याने पिंपातलं पाणी वाढत नाही, तसंच उत्प्रेरक टाकल्याने जास्त ऑक्सिजन निघत नाही. तेवढाच निघतो, फक्त लवकर निघतो. हे प्रयोगशाळेत सहज दिसतं. उत्प्रेरक कमी-जास्त घालून निघालेला ऑक्सिजन मोजत गेलं आणि आलेख काढला, तर काही रेघा झरकन चढतात, काही सावकाश, पण सगळ्या शेवटी एकाच उंचीवर येऊन सपाट होतात. तोटीने पाण्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, म्हणून निघणारी एकूण उष्णताही तीच राहते. आणि तोटी लावली म्हणून जमिनीवरचं पाणी पिंपात चढत नाही. जी क्रिया मुळात होणारच नाही ती उत्प्रेरक घडवून आणू शकत नाही. 'पाण्यात हा उत्प्रेरक टाका आणि गाडी चालवा' असा दावा कोणी केला, तर एवढं वाक्य त्याच्यापुढे ठेवायला पुरेसं आहे.

## स्वतः भाग घेऊनही खर्च होत नाही, हे कसं?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. उत्प्रेरक नुसता बाजूला उभा राहून बघत नसतो. तो क्रियेत पुरता उतरतो, पण क्रिया दोन टप्प्यांत मोडून.

आयोडाइडचं उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. पोटॅशियम आयोडाइडचे खडे पेरॉक्साइडमध्ये टाकले की पहिल्या टप्प्यात आयोडाइड पेरॉक्साइडच्या एका रेणूतला एक ऑक्सिजन स्वतःवर घेतो; मागे पाणी उरतं. दुसऱ्या टप्प्यात पेरॉक्साइडचा दुसरा रेणू येतो, आपले दोन्ही हायड्रोजन आयोडाइडवरच्या त्या ऑक्सिजनला देतो, त्याचं पाणी होतं, स्वतःची ऑक्सिजनची जोडी वायू होऊन निघून जाते, आणि आयोडाइड पहिल्यासारखा मोकळा. एक उंच काठ ओलांडण्याऐवजी दोन बुटके उंबरे ओलांडले गेले. आयोडाइडमुळे काठ ७५ वरून ५६ किलोज्यूलच्या आसपास येतो, प्लॅटिनमने ४९ च्या. शाळेत वापरतात ती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूडही अशीच देवाणघेवाण करते, फक्त तिच्या पृष्ठभागावर. म्हणून तिचा खडा टाकण्यापेक्षा बारीक पूड टाकली तर फेस कितीतरी जोरात येतो.

७५ वरून ५६ म्हणजे फार काही नाही असं वाटेल. पण इथला हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. बाकी सगळं सारखं धरलं तर खोलीच्या तापमानाला काठ दर पावणेसहा किलोज्यूलने उतरला की वेग दहापट होतो. पुन्हा तेवढा उतरला की शंभरपट. आणि सजीवांच्या शरीरातला उत्प्रेरक हा काठ २५ किलोज्यूलच्याही खाली नेतो.

## बटाट्यात असं काय आहे?

सजीवांच्या पेशींमध्ये तयार होणाऱ्या उत्प्रेरकांना एन्झाइम म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हटलेलं आहे. ती बहुतेक सगळी प्रथिनं असतात. पेरॉक्साइड फोडणाऱ्या एन्झाइमचं नाव कॅटलेज. ते बटाट्यात आहे, मोड आलेल्या मटकीत आहे, यीस्टमध्ये आहे, आपल्या रक्तात आहे आणि यकृतात तर भरपूर आहे. त्याचा वेग ऐकून विश्वास बसत नाही: कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो, आणि परिस्थिती अनुकूल असली तर हा आकडा कोटीच्या घरात जातो.

घरी बघण्यासारखा प्रयोग आहे. मुलांबरोबर करा, पण बाटली मोठ्यांच्या हातात असू द्या आणि द्रावण ३ टक्क्यांचंच घ्या. बटाट्याची एक फोड कच्ची, एक उकडून थंड केलेली, आणि तिसऱ्या वाटीत थोडा कच्च्या बटाट्याचा कीस. प्रत्येकावर चमचाभर पेरॉक्साइड. कच्च्या फोडीवर क्षणभर काहीच दिसत नाही, मग कापलेल्या बाजूवर मोहरीहून बारीक बुडबुडे फुटायला लागतात आणि हळूहळू त्यांची दाट पांढरी साय धरते. सालीच्या बाजूवर फारसं काही होत नाही, कारण साल शाबूत आहे आणि आतल्या पेशींपर्यंत पेरॉक्साइड पोचत नाही. किसावर मात्र फेस वाटीच्या काठापर्यंत चढतो, कारण किसताना असंख्य पेशी फाटून कॅटलेज बाहेर आलेलं असतं. वाटीला हात लावला तर ती कोमटही लागते. उकडलेली फोड तशीच पडून राहते.

उकडल्यावर कॅटलेज नाहीसं होत नाही, त्याची घडी मोडते. एन्झाइमचं सगळं सामर्थ्य त्याच्या घडीत असतं. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट पद्धतीने दुमडून आत एक लहानसा कप्पा तयार होतो आणि क्रिया त्या कप्प्यात घडते. उष्णतेने साखळी उलगडली की कप्पाच उरत नाही. खूप आम्ल किंवा खूप क्षार असला तरी हेच होतं. मँगनीज डायऑक्साइडची पूड उकळून काढली तरी तिचं काही बिघडत नाही, हा या दोघांतला मोठा फरक.

पण शरीराला पेरॉक्साइड फोडणारं यंत्र ठेवायची गरजच काय, ही शंका येईल. गरज आहे, कारण आपल्या पेशी श्वासातल्या ऑक्सिजनचा वापर करताना स्वतःच थोडं थोडं पेरॉक्साइड तयार करत असतात. ते साठू दिलं तर पेशीचे भाग आणि जनुकीय द्रव्यही बिघडू शकतं. कॅटलेज ते निघाल्या निघाल्या निस्तरतं.

## मग फेस म्हणजे जंतू मरताहेत, हे खोटं?

फेसाचा आणि जंतू मरण्याचा थेट संबंध नाही. जखमेत फाटलेल्या पेशी असतात, रक्त असतं, त्यातलं कॅटलेज पेरॉक्साइडवर तुटून पडतं आणि फेस येतो. जंतुविरहित स्वच्छ जखमेवरही तो येईल. धड कातडीवर येत नाही, कारण तिचा वरचा थर मृत पेशींचा आणि शाबूत असतो; आतलं कॅटलेज पेरॉक्साइडला भेटतच नाही. बटाट्याच्या सालीसारखीच गोष्ट.

उलट, फेस येतो म्हणजे औषध संपत चाललं आहे. जंतूंना मारायचं तर पेरॉक्साइड न फुटता त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. शिवाय बऱ्याच जंतूंकडे स्वतःचं कॅटलेज असतं. प्रयोगशाळेत जंतू ओळखताना याचा उपयोगही करतात: काचपट्टीवरच्या जंतूंवर पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस गटातले असण्याची शक्यता, नाही आले तर स्ट्रेप्टोकॉकस.

फेसामुळे जखमेतली माती, कचरा वर उचलला जातो, तेवढा फायदा खरा. पण पेरॉक्साइड भरून येणाऱ्या नव्या पेशींनाही मारतं, म्हणून रोजच्या खरचटण्याला वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण हाच सल्ला आता बहुतेक डॉक्टर देतात. खोल, तोंड बंद असलेल्या जखमेत तर ते कधीच ओतू नये. आत निघालेला ऑक्सिजन रक्तवाहिनीत शिरला तर जिवावर बेतू शकतं.

कॅटलेज नसलेली माणसंही असतात. जपानचे कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांनी १९४० च्या दशकात एका मुलीच्या तोंडातली शस्त्रक्रियेची जखम पेरॉक्साइडने धुतली. फेस आलाच नाही, उलट रक्त काळपट पडलं. त्यातूनच अकॅटलेसेमिया या दुर्मीळ आनुवंशिक स्थितीचा शोध लागला. अशा काहींना हिरड्यांचे गंभीर विकार होतात, पण पुष्कळजण इतरांसारखंच आयुष्य जगतात, कारण पेरॉक्साइड निस्तरणारी दुसरीही एन्झाइम शरीराकडे आहेत.

## डाय हाउसमध्ये: आधी फुटू नको, मग लगेच फूट

आता सोलापूरच्या खऱ्या उपयोगाकडे. कापसाचं सूत मुळात पिवळसर असतं. ते पांढरं करायला पेरॉक्साइड, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, हा तीव्र क्षार) आणि ओलं करणारं साबणासारखं रसायन घालून बाथ ९० अंशांच्या वर तापवतात. कॉस्टिकमुळे पेरॉक्साइडचं जे रूप तयार होतं ते सुताचा पिवळेपणा खातं. पण तापमान एवढं आणि क्षार एवढा, म्हणजे पेरॉक्साइड भराभर फुटायला सगळं अनुकूल. ते सुतावर काम न करताच ऑक्सिजन होऊन उडून गेलं तर पैसा वाया आणि पांढरेपणाही कमी. म्हणून स्टॅबिलायझर घालतात. पूर्वी सोडियम सिलिकेटच असायचं, आता इतरही प्रकार आहेत. स्टॅबिलायझरचं एक मोठं काम म्हणजे पाण्यातल्या लोखंड, तांब्यासारख्या धातूंना जखडून ठेवणं. कारण हे धातू उत्प्रेरक आहेत, आणि इथे ते नको असतात.

लोखंडाची गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. बोअरच्या पाण्यातून, जुन्या पाइपातून किंवा मागातून गंजाचा एक कण सुतावर बसला, तर त्या जागी पेरॉक्साइड एकदम फुटतं आणि तिथला धागा खाल्ला जातो. कापड विणलेलं असेल तर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. सूत असेल तर ते मागावर तुटत राहतं आणि कारण कोणाला कळत नाही.

पण कॅटलेजमध्येही लोखंडच असतं! त्याच्या चार भागांतल्या प्रत्येक कप्प्याच्या तळाशी लोखंडाचा एक अणू आहे, आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीम या रचनेत बसवलेला. एक लोखंड कापडाला भोक पाडतं आणि दुसरं जिवंत पेशीच्या आत बसून तिलाच वाचवतं. असं का?

पुन्हा पिंपाकडे चला. नीट बसवलेली तोटी आणि पत्रा गंजून पडलेलं भोक, दोन्हीतून पाणी खालीच जातं. पण तोटीतून ते बादलीत पडतं आणि भोकातून घरभर उडतं. मोकळं लोखंड पेरॉक्साइडला मधोमध तोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अर्धवट, अत्यंत आक्रमक तुकडा बाहेर सुटतो. तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. कापूस असेल तर कापसावर, पेशी असेल तर पेशीवर. हेन्री फेंटनने १८९४ मध्ये लोह आणि पेरॉक्साइड यांची ही जोडी वर्णन केली, म्हणून तिला फेंटनची क्रिया म्हणतात. कॅटलेजमधलं लोखंड मात्र प्रथिनाच्या खोल कप्प्यात बसलेलं असतं. तिथे पोचायला अरुंद वाट आहे. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आत येतो, एक ऑक्सिजन लोखंडावर ठेवून पाणी होतो. दुसरा येतो, आपले दोन्ही हायड्रोजन त्या ऑक्सिजनला देऊन त्याचं पाणी करतो आणि स्वतः वायू होतो. दोन्ही टप्पे आतल्या आत पुरे होतात आणि अर्धवट काही बाहेर सुटत नाही.

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्प्रेरक वेग वाढवतो हे पाठ्यपुस्तकात असतं, पण तो वाटही ठरवतो. पेरॉक्साइड फुटलं का, एवढ्यावर थांबून चालत नाही. कोणत्या वाटेने फुटलं, हे विचारावं लागतं. शरीरही मोकळं लोखंड हिंडू देत नाही, फेरिटिन नावाच्या प्रथिनात बंद करून ठेवतं, ते याचमुळे.

## 'किलर' कशाला? धुऊन टाकलं तर भागणार नाही का?

ब्लीचिंग संपलं तरी सुतात थोडं पेरॉक्साइड उरतं. त्यावरच रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग) चढवला तर उरलेलं पेरॉक्साइड रंगालाच खातं. शेड फिकी पडते, आणि जिथे पेरॉक्साइड जास्त तिथे जास्त फिकी, म्हणजे एकाच लॉटमध्ये डाग-डाग. टॉवेल निर्यातीचा असेल तर तो माल परत येतो.

धुऊन भागतं, पण मग दोन-तीन गरम बाथ द्यावे लागतात. गरम पाणी म्हणजे पाणीही गेलं आणि बॉयलरचं जळणही. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून ज्या शहराला पाणी येतं, तिथे एकेक बाथ वाचवणं हा हिशेबाचाच भाग आहे. दुसरा उपाय म्हणजे हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) किंवा तत्सम रसायन. पण ते जास्त झालं तर तेही रंगाला मारतं, आणि सांडपाण्यात लवणं (सॉल्ट) वाढतात ती वेगळीच.

पेरॉक्साइड किलर म्हणजे बहुतेक वेळा कॅटलेजच, बुरशी किंवा जिवाणूंकडून कारखान्यात तयार करून घेतलेलं. बाथ थंड करून चाळीस-पन्नास अंशांवर आणतात, ॲसिटिक ॲसिडने कॉस्टिक मारून घेतात आणि मग अगदी थोडं कॅटलेज सोडतात. दहा-वीस मिनिटांत काम होतं. उरतं काय, तर पाणी आणि ऑक्सिजन. कॅटलेजच्या कप्प्यात पेरॉक्साइडच नीट बसतं; कापूस किंवा रंगाचा रेणू त्यात शिरूच शकत नाही, म्हणून त्याच बाथमध्ये पुढे रंग सोडता येतो.

इथे घाई करणारा फसतो. बाथ गरम असतानाच किंवा कॉस्टिक न मारताच किलर टाकला, तर कॅटलेजची घडी मोडते, उकडलेल्या बटाट्यासारखी, आणि पेरॉक्साइड तसंच राहतं. चांगला डायर म्हणून अंदाजावर जात नाही. तो बाथमध्ये चाचणीची पट्टी बुडवतो, तिच्या टोकाचा चौकोन निळा झाला की थांबतो, काही मिनिटांनी नवी पट्टी बुडवतो, आणि चौकोन पांढरा राहिला तरच रंग सोडायला सांगतो.

## उत्प्रेरक खर्च होत नाही, तर एकदाच टाकून कायम का चालत नाही?

कारण तोटी झिजत नसली तरी तुंबू शकते. सायनाइडसारखे पदार्थ कॅटलेजच्या लोखंडाला चिकटून बसतात आणि वाट बंद करतात. फार तीव्र पेरॉक्साइडमध्ये तर कॅटलेज स्वतःच खराब होतं. घन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर दुसरं काही साचलं तरी तेच.

'जास्त टाकलं की जास्त वेगाने' हे एका मर्यादेपर्यंतच खरं. पेरॉक्साइड कमी उरलं असेल तर दुप्पट किलर टाकून वाचतील ती मिनिटं मोजकीच, आणि खर्च मात्र दुप्पट.

## कॅटलेजच्या गोळ्यांनी पांढरे केस काळे होतात का?

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की पांढऱ्या होणाऱ्या केसांच्या मुळाशी पेरॉक्साइड साठतं आणि तिथलं कॅटलेज कमी झालेलं असतं. निरीक्षण मोलाचं आहे. पण त्यावरून कॅटलेजच्या गोळ्या विकणं हा वेगळाच उद्योग आहे. कॅटलेज हे प्रथिन. गिळलं की जठरातल्या आम्लात त्याची घडी मोडते आणि पुढे डाळीतल्या प्रथिनासारखं ते पचून जातं. केसाच्या मुळाशी ते अखंड पोचायचा मार्गच नाही.

## बाटली कपाटात, ड्रम सावलीत

सुरुवातीचा उष्णतेचा आकडा इथे कामाला येतो. ६ टक्क्यांचं द्रावण एका झटक्यात पूर्ण फुटलं तर ते सुमारे ४० अंशांनी तापेल. ५० टक्क्यांचं फुटलं तर पाणी उकळून वाफ होईल, आणि ऑक्सिजन वेगळाच. याच ताकदीचा उपयोग रशियाच्या सोयूझ रॉकेटमध्ये करतात: ८० टक्क्यांहून तीव्र पेरॉक्साइड उत्प्रेरकावर सोडायचं आणि उसळणाऱ्या वाफेवर इंधन पंपाची टर्बाइन फिरवायची. आणि हीच ताकद हाताबाहेर गेली तेव्हा काय झालं तेही जगाने पाहिलं आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची कुर्स्क ही पाणबुडी बुडाली, ११८ जण गेले. अधिकृत चौकशीत कारण निघालं ते एका टॉर्पेडोतून गळलेलं तीव्र पेरॉक्साइड.

म्हणून डाय हाउसच्या ड्रमला वायू बाहेर जाऊ देणारं झाकण असतं. ते बदलून साधं घट्ट बूच लावू नये. ड्रम उन्हात ठेवू नये, त्यात लोखंडी मग बुडवू नये, आणि बाहेर काढलेला माल उरला तर तो परत ड्रममध्ये ओतू नये. घरच्या बाटलीलाही हेच लागू आहे. वाटीत उरलेलं पेरॉक्साइड बाटलीत परत घालू नका. जखमेला टेकलेल्या बोळ्यातून आलेला रक्ताचा अंश एवढासा असला तरी त्यात कॅटलेज असतं, आणि ते बाटलीतलं सगळं द्रावण चुपचाप पाणी करून टाकतं.